शेतावर राहायला जाऊ का? सामान बांधायच्या आधी हिशेबाची वही कुणाकडे राहणार ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही दोघं पुण्यात नोकरीला, मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन, मिस्टरांचं गाव निफाड तालुक्यात, सासऱ्यांची पाच एकर, त्यात तीन एकर द्राक्ष, बाकी कांदा आणि दोन गाई. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, मिस्टर म्हणतायत नोकरी सोडून मळ्यात राहायला जाऊ, आणि तुम्ही विचारताय की मुलांचं नीट होईल का, मला जमेल का, सासूबाईंशी पटेल का. मी त्याच तालुक्यातली. २००१ ला लग्न होऊन मळ्यात आले, माहेर सिन्नरकडचं, तिकडे आमच्याकडे बाजरी-कांदा, द्राक्षाचं एक झाडही नव्हतं, त्यामुळे बागेतलं सगळं मलाही इथे आल्यावरच शिकावं लागलं. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि चार मुलं. सात एकर एकत्र, अजून वाटणी नाही. म्हणून जे लिहितेय ते आमच्या घरात जे घडलं, जे बिघडलं आणि जे नंतर दुरुस्त केलं त्यावरून लिहितेय.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, तिन्ही खरे आहेत. पण तुमच्या अख्ख्या मजकुरात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे तिकडे गेल्यावर पैशाचा व्यवहार कुणाच्या हातात असणार. मिस्टर नोकरी सोडणार, त्यांचा पगार बंद, मग द्राक्षाचे पैसे येणार ते कुणाच्या खात्यात, त्यातून औषधाचं बिल कोण देणार, मुलीची फी कुठून जाणार, तुम्हाला माहेरी जायचं झालं तर भाड्याचे पाचशे रुपये कुणाकडे मागायचे. हे मी आजूबाजूच्या दहा-बारा घरांत बघितलंय, शहरातून परत आलेली जोडपी शेणाला, चिखलाला, लाइट नसण्याला कंटाळून परत जात नाहीत हो, त्याची सवय सहा महिन्यांत होते. ती परत जातात ती हिशेबावरून. आणि बाहेर सांगताना सांगतात की सासूशी पटलं नाही.

आमच्या घरातलंच सांगते. २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये ती मोठी गारपीट झाली ती तुमच्या मिस्टरांना नक्की आठवत असेल. आमचा माल काढणीला आठ दिवस होते, व्यापारी बघून गेलेला, भाव ठरलेला. वीस-पंचवीस मिनिटं गारा पडल्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, म्हणजे माझे सासरे, उजाडायच्या आत बागेत गेले, मी मागून चहा घेऊन गेले. खाली सगळा मण्यांचा चिखल झालेला, पाय टाकला की फुटायचे. नानांनी एक घड हातात धरला होता आणि त्यातले फुटलेले मणी एकेक करून काढत होते, विरळणीत दाट घडातले जादा मणी काढतात ना तसे, अगदी सावकाश. अर्धा घड रिकामा झाला तरी काढतच होते. मी म्हटलं नाना चहा, तर म्हणाले ठेव तिथे. कुठे ठेवू, खाली सगळा चिखल. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले, चहा गार झाला.

नुकसान तर सगळ्या शिवाराचंच झालं होतं, ते एक वेळ सोसलं असतं. पण त्यानंतर दहा दिवसांनी औषधाच्या दुकानदाराचा माणूस घरी आला आणि तेव्हा आम्हाला कळलं की दुकानाची उधारी चार लाखांच्या पुढे गेलीय, वर दोन पाहुण्यांकडून हातउसने घेतलेत, गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज वेगळं. हे सगळं नानांच्या बंडीच्या खिशातल्या एका छोट्या डायरीत होतं, दुकानवाले दिवाळीला देतात तशी. आमचे हे तेव्हा दहा वर्षं त्याच बागेत रात्रंदिवस राबत होते, दीर पण, आणि दोघांनाही एक आकडा माहीत नव्हता. नानांनी पैसे उधळले असं नाही, एक रुपया वाया घालवला नव्हता, एका वर्षीचा माल घेऊन एक व्यापारी पैसे न देता पळाला होता ती खोट ते तीन वर्षं एकटेच भरत होते, पोरांना ताण नको म्हणून सांगितलं नाही एवढंच. पण पोरांना वाटलं की बापाला आपल्यावर भरवसा नाही. दीर म्हणाले, आम्ही काय सालगडी आहोत का, आणि नाना म्हणाले, मग घ्या तुमचं तुम्ही. तीन आठवडे घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही, जेवणं वेगवेगळ्या वेळेला. त्या तीन आठवड्यांत आमचं घर फुटायचं ते थोडक्यात वाचलं.

मग ह्यांचे मामा आले, त्यांनी मध्ये बसून एक मोठी वही केली. नाना आधी तयार नव्हते, ह्या वयात पोरांना हिशेब देऊ का म्हणाले. मामांनी युक्ती केली, म्हणाले हिशेब तुम्ही द्यायचा नाही, तुम्हीच लिहायचा, पेन तुमच्याच हातात, फक्त वही कपाटात न ठेवता ओट्यावरच्या फळीवर ठेवायची, ज्याला वाचायची तो वाचेल. त्या एका गोष्टीवर ते मान्य झाले. मोठ्या माणसाचा मान पेनात असतो, वही लपवण्यात नसतो, हे मामांना कळलं आणि आम्हाला दोन पिढ्या एका घरात राहून कळलं नव्हतं.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे, तुम्हाला जशीच्या तशी घ्यायची गरज नाही, पण काहीतरी अशी ठरवा. शेतीचं खातं एक, त्यात द्राक्षाचे, कांद्याचे पैसे येतात आणि त्यातूनच औषध, खत, मजुरी, सोसायटी जाते. त्याला घरखर्चासाठी हात लावायचा नाही. घराचं खातं दुसरं, त्यात दूध डेअरीचे दर दहा दिवसांचे पैसे आणि शेतीच्या खात्यातून वर्षाला ठरलेली रक्कम. आणि प्रत्येक जोडप्याला महिन्याला ठरावीक पैसे, आम्ही २०१५ ला पाच-पाच हजारांपासून सुरुवात केली, आता पंधरा आहेत, त्याचं काय केलं ते कुणी विचारायचं नाही. माल चांगला गेला म्हणून वाढवायचे नाहीत आणि गारा पडल्या म्हणून बंद करायचे नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर नाना वही वाचून दाखवतात, सुना पण बसतात. सुना बसतात हे महत्त्वाचं, कारण पहिल्या वर्षी आम्ही दोघी जावा आत भांडी घासत होतो आणि बाहेर जे ठरायचं ते आम्हाला अर्धवट कळायचं, त्यातून जेवढे गैरसमज झाले तेवढे खऱ्या अडचणींतून पण झाले नाहीत.

आता दुसरी गोष्ट, जरा कडवट वाटेल पण बोलायला लागेल. तुम्ही लिहिलंय की मिस्टर पीएफचे पैसे काढून जुनी बाग तोडून नवीन लावायचं म्हणतायत. थांबवा त्यांना. नवीन बाग म्हणजे काय ते समजून घ्या, फेब्रुवारी-मार्चला खुंट, म्हणजे ज्यावर कलम करतात ती रोपं, लावायचे, ऑगस्ट-सप्टेंबरला त्याच्यावर कलम, पुढच्या वर्षी ऑक्टोबरला पहिली फळछाटणी, म्हणजे पहिला माल हातात यायला दोन वर्षं. अँगल, तार, ठिबक, खुंट, कलम सगळे पैसे आधी जातात. आणि हे ज्या जमिनीत घालायचं तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या असेल तर मिस्टर राबणार, पैसा त्यांचा, पण सोसायटीचं पीक कर्ज सुद्धा त्यांना स्वतःच्या नावाने मिळणार नाही, आणि ते ३ लाखांपर्यंतचं वेळेत भरलं तर बिनव्याजी पडतं, म्हणजे ते सोडून बाकी सगळं महागच. शिवाय तुम्हाला दोन नणंदा आहेत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात तो १९९४ लाच आला आणि देशात २००५ ला. काही घरांत अजून असं धरून चालतात की बहिणी हक्कसोड करून देतीलच, राखी-भाऊबीज आहे, कशाला मागतील. मागतील किंवा नाही मागणार, तो त्यांचा अधिकार आहे, आपण गृहीत धरायचा नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही नणंदांना बोलावून सासरे धडधाकट असतानाच बसा, मिस्टर इतके पैसे घालणार आहेत, पुढे वाटणी झाली तर बाग कुणाकडे, खर्च कसा धरायचा, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि तो कागद वकिलाकडून करून घ्या. हे करताना वाईटपणा येतो हे मला माहीत आहे, पण आज जो वाईटपणा येतो तो एका संध्याकाळचा असतो, नंतर येतो तो कोर्टात पंधरा वर्षं चालतो.

आणि तुमचं स्वतःचं नाव. लक्ष्मी मुक्ती म्हणून योजना आहे, १९९२ पासूनची, नवऱ्याने स्वतः तहसीलदारांकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. त्यासाठी आधी जमीन मिस्टरांच्या नावावर यायला पाहिजे, म्हणजे ती पुढची पायरी झाली, पण आत्तापासून बोलून ठेवा. माझं नाव २०१९ ला लागलं, ह्यांनी स्वतःहून अर्ज केला. त्या दिवशी तलाठ्याकडून उतारा आणला तेव्हा मी तो देवघरात ठेवला होता. अठरा वर्षं मी त्या बागेत डिपिंग केलं, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवले, विरळणी केली, रात्री शेकोट्या पेटवल्या, आणि कुठल्या कागदावर मी शेतकरी नव्हते.

आता तुमचा जमेल का हा प्रश्न. हे खरंच तुमच्यावर अवलंबून आहे आणि तुम्हाला बागेत किती उतरायचंय त्यावर. काही घरांत सुनेने शेतात यायची गरज नसते, सगळं मजुरांवर चालतं, काही घरांत सून म्हणजे बिनपगारी मजूरच. तुमचं घर कुठल्या प्रकारचं ते सासूबाईंच्या हातांकडे बघून कळेल, त्या काय करत आल्यात तेच तुमच्याकडून अपेक्षित असणार. द्राक्षाच्या घराचं वर्ष एप्रिलच्या खरडछाटणीला सुरू होतं, पण खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतरचे साठ-सत्तर दिवस. पोंगा, म्हणजे छाटलेल्या काडीवरचा नवा कोंब, फुटला की पाऊस नको, फुलोऱ्यात तर अजिबात नको, ढग आले की डाउनी रोग, पहाटे चारला नाहीतर रात्री दहाला उठून ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचा. त्या दिवसांत मिस्टर तुमच्याशी सरळ दोन वाक्यं बोलणार नाहीत, हे आधीच समजून राहा. माझी पहिली दोन वर्षं मला वाटायचं ह्यांना मी नकोशी झालेय. नंतर कळलं की ह्यांचं निम्मं लक्ष आभाळात असतं. डिसेंबरच्या शेवटी निफाडचा पारा उतरतो ते पेपरात दरवर्षी वाचत असाल, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायला घरातली सगळी माणसं लागतात.

विरळणीला मात्र बाईचा हात लागतो आणि त्यात खरं कौशल्य आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात आमच्याकडे, मी त्यांच्यातल्याच एका मावशींकडून कात्री कशी धरायची ते शिकले. मनगट हलवायचं नाही, फक्त बोटं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. तुम्ही बागेत काम करणार असाल तर एक अट घाला, मी घातली होती, की मजूर बाईला जी रोजंदारी तीच माझी वहीत लिहायची. पैसे रोज हातात नको, पण लिहिले गेले पाहिजेत. नाना आधी हसले, मग लिहायला लागले. एका हंगामात माझे आणि जावेचे मिळून किती झाले ते जेव्हा त्यांनी स्वतः बेरीज करून वाचलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले, आणि आई, म्हणजे सासूबाई, उठून आत गेल्या. त्यांची चाळीस वर्षं कुणी लिहिली नव्हती. नंतरच्या महिन्यापासून त्यांचं पण एक पान झालं वहीत.

तुमची नोकरी घरून होण्यासारखी असेल तर माझा स्पष्ट सल्ला, ती सोडू नका, निदान दोन हंगाम तरी. दोघांनी एकदम पगार सोडणं हे मी कुणालाच सांगणार नाही. फक्त आधी जाऊन बघा की मळ्यात नेट चालतं का, आणि घराच्या लाइटचं काय, कारण शेतीच्या मोटरची थ्री फेज लाइट आमच्याकडे पाळीने असते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि घराची सिंगल फेज वेगळी असली तरी पावसाळ्यात जाते ती कधी येईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर घ्या. आणि कंपनीचा मेडिक्लेम बंद व्हायच्या आधी स्वतःचा घ्या, नंतर घेऊ नंतर घेऊ करत राहतात लोक.

सासूबाईंशी पटेल का, ह्याला मी काय सांगणार, मी त्यांना ओळखत नाही. पण एक अनुभव सांगते. आमच्याकडे आता अंगण एक, शेत एक, चुली तीन. लोक म्हणाले वेगळे निघाले. आम्ही वेगळे निघालो नाही, फक्त स्वयंपाक वेगळा केला, कारण आईंना भाकरी आणि तिखट लागतं, माझ्या मुलांना सकाळी सातच्या गाडीला डबा लागतो, जावेच्या लेकीला तेलकट चालत नाही, आणि एका ओट्यावर तीन बायका उभ्या राहिल्या की कुणाचं तरी मन दुखणारच. सकाळचा चहा मात्र सगळ्यांचा आईंकडे, तो त्यांनीच करायचा. चूल वेगळी केल्यावर आमचं जास्त पटायला लागलं. तुम्हाला वर्षभर एकत्र स्वयंपाक करून बघावासा वाटेल, बघा, पण वेगळा करायची वेळ आली तर तो पराभव समजू नका आणि भांडण झाल्यावर करू नका, बरं चाललेलं असताना करा.

शाळेचं थोडक्यात सांगते. जिल्हा परिषदेची शाळा कशी आहे ते शाळेवर नाही, तिथल्या गुरुजी-बाईंवर असतं, स्वतः जाऊन वर्गात तासभर बसून या. इंग्रजी शाळेची गाडी मळ्यापर्यंत येते का रस्त्यापर्यंत, आणि जुलैत तो मधला रस्ता कसा असतो, हे विचारा. काळी माती आहे आमची, पावसात मोटरसायकल पण चालत नाही.

पण मुलांच्या बाबतीत शाळेपेक्षा मला जास्त काळजी दुसरी वाटते आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत म्हणून मी जास्त लिहिते. शेत म्हणजे मुलांना मोकळी हवा हे खरं, पण शेत हे कामाचं ठिकाण आहे, कारखान्यासारखं, फक्त त्याला गेट नसतं. तुमचा मुलगा तीन वर्षांचा आहे.

सगळ्यात पहिलं शेततळं. तुमच्या सासऱ्यांकडे प्लास्टिक कागदाचं असणार, बहुतेक सगळ्यांकडे आहे. त्या कागदावर पाण्याच्या काठाला शेवाळ धरतं आणि तो इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आत पडला तर वर चढू शकत नाही, हाताला धरायलाच काही नसतं. विहिरीला निदान दगड असतात, कपारी असतात. दरवर्षी उन्हाळ्यात आमच्या भागात मुलं जातात अशी, आणि पुष्कळदा एकाला वाचवायला दुसरं उतरतं. आमच्या शेजारच्या शिवारात दोघं सख्खे भाऊ एकाच दुपारी गेले, मोठा नऊ वर्षांचा होता. त्या माऊलीचं रडणं मला आजही ऐकू येतं. त्यानंतर आम्ही आमच्या तळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण केलं, दाराला कुलूप, किल्ली फक्त ह्यांच्याकडे आणि दिरांकडे, आणि चारी कोपऱ्यांतून गाठी मारलेला जाड दोर आत पाण्यापर्यंत सोडलाय, बाहेर खांबाला बांधून, शिवाय हवा भरलेल्या दोन ट्यूब. खर्च झाला, पण त्या वर्षी दुसरं काही घेतलं नाही.

दुसरं औषधं. शीतपेयाच्या बाटलीत उरलेलं औषध ओतून ठेवायची सवय असते पुष्कळांना, ती घरात असेल तर पहिल्या दिवशी बंद करा. औषधाला घराबाहेरची, कुलपाची खोली. फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, मिस्टर फवारून आले की आधी आंघोळ, मग लेकराला कडेवर घ्यायचं, ते धावत आलं तरी. २०१७ ला यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, ती मोठी कामाची माणसं होती, तीन वर्षांच्या पोराच्या अंगाला किती पुरतं विचार करा.

ट्रॅक्टर मागे घेताना मूल कुठे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय चावी फिरवायची नाही, ब्लोअरच्या फिरत्या दांड्याला झाकण हवं, ओढणी-पदर तिथे जाता कामा नये, आणि कडबाकुट्टी चालू असताना मुलं गोठ्यात नकोत.

साप निघतातच. आपल्याकडे विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारींवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि पुष्कळदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. म्हणून मुलांना खाटेवरच झोपवा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे एक मिनिट पण घालवायचं नाही, चालवायचं नाही, उचलून सरळ दवाखाना. कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो ते आजच माहीत करून घ्या, चावल्यावर शोधायचं नसतं ते.

गोदाकाठाला ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, तुमचं गाव त्या बाजूचं असेल तर संध्याकाळी सहानंतर मुलं उसाच्या कडेला एकटी नकोत, खाली बसलेलं लहान मूल त्याला सावज वाटतं. संडास घरात असू द्या. रात्रीच्या पाळीला मिस्टर मोटर चालू करायला एकटे जाणार, तेव्हा बॅटरी, काठी, आणि मोबाइलवर गाणी मोठ्याने, आमचे हे तसंच करतात.

एक कागदाची गोष्ट पण करून ठेवा. गोपीनाथ मुंडे नावाने शेतकरी अपघात अनुदान आहे, सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि घरातला आणखी एक जण, १० ते ७५ वयापर्यंत, अपघाती मृत्यू झाला तर २ लाख मिळतात, पण अर्ज महिन्याभरात जायला लागतो. घरात दुःख असताना हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल ही बाई येऊ नका म्हणतेय. तसं नाही ताई. माझ्या मुलांना मी दुसरीकडे वाढवलं असतं तर ती अशी झाली नसती असं मला मनापासून वाटतं. माझी लेक अकरा वर्षांची असताना अडलेल्या गाईचं वासरू ओढायला ह्यांच्यासोबत रात्री दोनला उभी होती, वासराच्या नाकातला चिकटा तिने स्वतःच्या फ्रॉकने पुसला. आजी-आजोबा रोज समोर असतात, बाप कामावर जातो म्हणजे कुठे जातो आणि काय करतो ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. पुण्यात तुमच्या मुलीला हे दिसतं का? मिस्टरांना परत यावंसं वाटतंय त्यातही सासऱ्यांच्या गुडघ्यांपेक्षा हे जास्त असेल.

म्हणून माझं म्हणणं असं की जा, पण एकदम जाऊ नका. मिस्टरांनी आधी एक छाटणी ते काढणी एकट्याने करून बघावी, बिनपगारी रजा मिळत असेल तर रजा घेऊन, चार-साडेचार महिन्यांचा प्रश्न आहे. तुम्ही मुलांना घेऊन नाताळच्या सुट्टीत जा आणि दहा दिवस राहा. दिवाळीत आणि मे महिन्यात जाऊन ठरवू नका, तेव्हा घरात पाहुण्यांसारखं वागवतात. डिसेंबरात सगळे थकलेले असतात, कुणाला गोड बोलायला वेळ नसतो, जे घर तेव्हा दिसेल ते खरं घर. त्या दहा दिवसांत सासऱ्यांना, भांडणाच्या सुरात नाही, शिकायचं म्हणून, एवढंच विचारा की नाना (किंवा तुम्ही त्यांना जे म्हणता ते), गेल्या वर्षीचा हिशेब मला समजावून सांगता का. ते वही काढतात, डायरी काढतात, का विषय बदलतात, ते बघा. विषय बदलला तरी लगेच नाही म्हणू नका, आमच्या नानांनीही बदलला असता. मग मामा, काका, ज्यांचं ते ऐकतात असं कुणी मध्ये घ्या, आणि पेन त्यांच्याच हातात राहू द्या.

वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा, त्याला बागेसाठी हात लावायचा नाही. आणि तळ्याच्या कुंपणाचं मात्र नाताळपर्यंत थांबू नका, आज रात्री मिस्टरांना फोन करून सासऱ्यांशी बोलायला सांगा. मुलं गाडीतून उतरतील त्या दिवशी जाळी लागलेली असली पाहिजे आणि कुलूप पण.